ताईच्या झडपेचा हिशेब

माझी सगळी नोकरी महानगरपालिकेच्या पाणीखात्यात गेली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी कुणी म्हणालं की आमच्याकडे प्रेशरच नाही, तर माझ्या तोंडून आपसूक प्रश्न निघतो: गेज लावला तेव्हा पाणी वाहत होतं का? लोकांना हा प्रश्न वेडगळ वाटतो. पण चावी पाऊण बंद असली आणि पलीकडच्या इमारतीत एकही नळ उघडा नसला, तर चावीच्या अलीकडे आणि पलीकडे दाब सारखाच दिसतो. पाणी वाहायला लागलं की फरक पडतो, आणि जितकं जास्त वाहील तितका जास्त पडतो. म्हणजे चावी किती बंद आहे हे नुसत्या दाबातल्या फरकावरून सांगता येत नाही. त्याच वेळी पाणी किती जातंय तेही मोजावं लागतं. खात्यात नव्याने आलेल्या पोरांच्या डोक्यात हे उतरवायला मला दोन-तीन पावसाळे लागायचे.

हृदयाच्या झडपेला हाच नियम लागू आहे, आणि तिथे तो जिवाशी येतो, हे मला माझ्या थोरल्या बहिणीमुळे नीट कळलं. तिच्या परवानगीने लिहितोय. "लिही, पण माझं वजन लिहू नकोस," असं ती म्हणाली होती. वजन लिहावंच लागणार आहे, कारण अर्धा हिशेब त्यावरच अडतो.

ताई सत्त्याहत्तर वर्षांची. गिरगावात मुगभाटातल्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहते. लाकडी जिना, उंच पायऱ्या, हात लावून लावून गुळगुळीत झालेला कठडा. उंची १४७ सेंटिमीटर, वजन ४६ किलो. मागच्या वर्षी दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींशी तिची मैत्री अचानक वाढली. बाजारातून येताना रोज त्यांच्या दाराशी थांबून गप्पा. या दोघींचं चाळीस वर्षं फारसं पटत नव्हतं हे मला माहीत होतं, म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, "वयानुसार माणूस मऊ होतं रे." खरं कारण, तिला दुसऱ्या मजल्यावर दम लागत होता आणि तो कुणाला दाखवायचा नव्हता. पुढे एकदा चर्नी रोड स्टेशनच्या पुलावर चढताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि एका कॉलेजच्या मुलीने तिला धरून बसवलं, तेव्हा बिंग फुटलं.

घरच्या डॉक्टरांनी छातीवर स्टेथोस्कोप ठेवला, थोडा वेळ ऐकलं, मग तोच मानेच्या बाजूला लावला. महाधमनीची, म्हणजे हृदयातून अंगभर रक्त नेणाऱ्या मोठ्या वाहिनीच्या तोंडाची, झडप अरुंद झाली की रक्त जोरात घुसताना होणारा आवाज वर मानेपर्यंत जातो, हे मला नंतर कळलं. ते एवढंच म्हणाले, "टू-डी एको करून या." एको म्हणजे अल्ट्रासाउंडने हृदयाचं चित्र.

एकोच्या खोलीबाहेर 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' अशी कायद्याने लावायची पाटी होती. ताईने ती मोठ्याने वाचली आणि "बरं झालं सांगितलंत," म्हणाली. त्यामुळे आत जाईपर्यंत सगळे हसत होते.

मला आत बसू दिलं. खोलीत अंधार, एसी कडक, ताई डाव्या कुशीवर, डावा हात डोक्याखाली. टेक्निशियन मुलगी छातीवर गार जेल लावून प्रोब फिरवत होती. पडद्यावर आधी राखाडी चित्र, मग रंग. प्रोबकडे येणारं रक्त लाल, लांब जाणारं निळं, आणि झडपेपाशी सगळे रंग कालवल्यासारखे, म्हणजे तिथे प्रवाह खवळलेला. मग तिने एक रेघ झडपेतून आरपार धरली आणि यंत्रातून सूंऽऽ सूंऽऽ असा आवाज यायला लागला. खाली वेगाचा आलेख. मी पुढे सरकून पाहिलं तर वर कोपऱ्यात वेग, आणि त्याच्या खाली दाबातला फरक. तो फरक कुठून आला म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, "सर, मशीन काढतं. वेगाचा वर्ग गुणिले चार."

वेगाचा वर्ग म्हटल्यावर मी ओळखलं, हा आपला बर्नूली. डॅनियल बर्नूलीने १७३८ साली पाण्याच्या प्रवाहावर ग्रंथ छापला, त्यातलं सूत्र आम्ही पाईपांसाठी जन्मभर वापरलं. तो स्वतः वैद्यकीची पदवी घेतलेला होता आणि त्याचा प्रबंध श्वासोच्छ्वासावर होता, हे मला या निमित्ताने समजलं. त्याचं सूत्र हृदयाच्या झडपेला लावून डॉपलरने, म्हणजे अल्ट्रासाउंडने रक्ताचा वेग बघून, दाब मोजायचं काम १९७०च्या दशकाच्या अखेरीस नॉर्वेतल्या लिव हॅटले या डॉक्टरीणबाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे नेलं. त्याआधी हा दाब मोजायला नळी रक्तवाहिनीतून थेट हृदयात घालावी लागे. आणि तो 'चार' कुठून येतो हे घरी येऊन कागदावर मांडलं तेव्हाच मला झोप लागली. रक्ताची घनता घनमीटरला साधारण १०६० किलो, तिची निम्मी ५३०. एक मिलिमीटर पारा म्हणजे १३३ पास्कल. ५३० भागिले १३३ बरोबर ३.९८. झाला चार. बायको म्हणाली, बहीण आजारी आहे की परीक्षा आहे?

रिपोर्ट आला. झडपेतला सर्वांत जास्त वेग सेकंदाला ३.२ मीटर, सरासरी ग्रेडियंट, म्हणजे दाबातला फरक, पाऱ्याचे २५ मिलिमीटर, पंपाची ताकद, म्हणजे भरलेल्या कप्प्यातलं किती रक्त एका ठोक्यात बाहेर जातं ते, ६० टक्के. खाली निष्कर्ष: मॉडरेट एऑर्टिक स्टेनोसिस, म्हणजे महाधमनीची झडप मध्यम अरुंद. वर्षाने पुन्हा एको करावा. तक्त्याप्रमाणे बरोबरच होतं. वेग ४ च्या वर किंवा सरासरी ग्रेडियंट ४० च्या वर गेला की 'सिव्हिअर', म्हणजे झडप बदलायचा विचार करायचा, त्याच्या लगेच खालची पायरी मध्यम. भाच्याने पुण्याहून घरच्या ग्रुपवर हात जोडलेली चार चित्रं टाकली, वहिनींनी सत्यनारायणाचं नाव काढलं, आणि ताईने "मी सांगत होते ना" असं जाहीर करून टाकलं.

मला मात्र ते पचेना. दम मध्यमवाला वाटत नव्हता. आणि रिपोर्टात दाबातला फरक होता, वेग होता, पण त्या वेळी किती रक्त जात होतं ते कुठेच नव्हतं. घरच्या डॉक्टरांना विचारलं. ते साठीचे, शांत माणूस. म्हणाले, "प्रश्न चांगला आहे, पण तो मला विचारून उपयोग नाही. हृदयाच्या इमेजिंगचंच काम करणाऱ्या एका मॅडम आहेत, त्यांना विचारा." चिठ्ठी दिली.

या मॅडम मूळच्या कोल्हापूरकडच्या असाव्यात, कारण पहिलं वाक्य "बसा की काका" असं आलं. जुना रिपोर्ट बघून त्यांनी तो खोडला नाही, हे मला आवडलं. आधी ताईचं बी.पी. घेतलं. वर १७०. "एवढ्या बी.पी.त मोजलेल्या ग्रेडियंटवर मी सही करणार नाही," असं सांगून गोळी वाढवली आणि नंतरची तारीख दिली. बी.पी. चढलेलं असलं की पुढे ढकलायलाच जड जातं, झडपेतून रक्त कमी जातं आणि ग्रेडियंट खोटाच कमी दिसतो. गेज लावताना पलीकडे काय चाललंय ते आधी बघायचं, हे या बाईंना कुणी शिकवायची गरज नव्हती.

दुसऱ्या खेपेला बी.पी. १३०च्या आसपास. या वेळी एको खूप वेळ चालला. डाव्या कुशीवरून पाहून झाल्यावर ताईला चक्क उजव्या कुशीवर वळवलं. मग पेन्सिलीएवढा बारीक एक वेगळा प्रोब काढला, ज्यात चित्र दिसतच नाही, फक्त आवाज आणि आलेख. तो छातीच्या हाडाच्या उजव्या कडेला, मग गळ्याखालच्या खळगीत ठेवून त्या कान देऊन सगळ्यांत तीक्ष्ण आवाज शोधत होत्या. कारण डॉपलरची रेघ रक्ताच्या झोताला सरळ समांतर असावी लागते. ती ३० अंशांनी तिरकी पडली तर वेग १३ टक्क्यांनी कमी दिसतो, आणि ग्रेडियंट वर्गात असल्यामुळे २५ टक्क्यांनी. म्हाताऱ्या माणसाची महाधमनी वाकडी झालेली असते, झोत नेमका कुठल्या दिशेला जाईल सांगता येत नाही. सगळ्या बाजूंनी शोधूनही वेग ३.२च्या वर गेला नाही. पहिल्या मुलीने बरोबरच मोजलं होतं.

म्हणजे दाबातला फरक खरोखरच कमी होता. आता प्रवाह.

तो मोजायची पद्धत बघून मला खात्यातच बसल्यासारखं वाटलं. झडपेच्या अलीकडे, हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यातून बाहेर पडायच्या वाटेची रुंदी चित्रावर मोजायची: १.८ सेंटिमीटर. वाट गोल धरून क्षेत्रफळ २.५४ चौरस सेंटिमीटर. एका ठोक्यात तिथून रक्ताचा स्तंभ किती पुढे सरकतो ते डॉपलर सांगतं: १७ सेंटिमीटर. दोन्हींचा गुणाकार, एका ठोक्याला ४३ मिलिलिटर. जेवढं रक्त अलीकडून जातं तेवढंच झडपेतून जातं, मध्ये गळती नाही. झडपेतल्या झोताचा स्तंभ ६४ सेंटिमीटर. नेमके ४३.२ भागिले ६४, झडपेची फट ०.६८ चौरस सेंटिमीटर. निरोगी झडप तीन ते चार चौरस सेंटिमीटर उघडते. एकच्या खाली सिव्हिअर.

एकाच झडपेला एक आकडा मध्यम म्हणतोय, दुसरा गंभीर. मग वजन आलं. बुटक्या, बारीक बाईला मुळात कमी रक्त लागतं, म्हणून तिच्या झडपेची फटही थोडी लहान असली तर चालते, ०.६८ हा आकडा आडदांड माणसाला जितका वाईट तितका तिला असेलच असं नाही. म्हणून उंची-वजनावरून शरीराचं पृष्ठफळ काढून त्याने भागायचं. ताईचं आलं १.३७ चौरस मीटर. फट त्याने भागली तर ०.५, हद्द ०.६ची. तरीही गंभीरच. ठोक्याचं रक्त भागलं तर ३१. ३५च्या खाली म्हणजे प्रवाह कमी.

"पण पंपाची ताकद ६० टक्के आहे ना?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "काका, ६० टक्के कशाचे?" पडद्यावर कप्प्याची भिंत दाखवली. १४ मिलिमीटर जाड. बाईमाणसाची दहाच्या आत असावी. वर्षानुवर्षं अरुंद फटीतून ढकलून स्नायू जाड झालेला, आणि जाड होताना आतल्या बाजूने जागा खाल्लेली. कप्प्यात मावतंच ७० मिलिलिटर. त्यातले ४३ बाहेर टाकले की टक्केवारी झकास ६१ येते, आणि अंगाला मिळतं मात्र थोडंच. स्नायू कडक झाल्यामुळे भरतोही सावकाश. त्यामुळे दाबातला फरक उभा राहण्याइतकं रक्त झडपेतून जातच नाही. यालाच त्यांच्यात 'लो-फ्लो, लो-ग्रेडियंट' म्हणतात. पंप दुबळा झालेल्या पेशंटमध्ये हे पूर्वीपासून माहीत होतं. टक्केवारी चांगली असूनही असं होतं, आणि ते बहुतेक वयस्कर, बी.पी. असलेल्या, लहान चणीच्या बायकांत दिसतं, हे अलीकडच्या काळात लक्षात आलं. असल्या बायका 'मध्यम' म्हणून घरी जातात आणि जिन्यावर थांबत राहतात. माझ्या ओळखीत अशा किमान तिघी आहेत ज्यांचा दम वयाच्या खात्यावर टाकलेला आहे.

मी खूश. मॅडम नव्हत्या. "माझ्या या ०.६८वर कुणीही बोट ठेवू शकतं," त्या म्हणाल्या. त्या वाटेची रुंदी मोजताना दोन मिलिमीटरचा फरक झाला, १.८च्या जागी २ धरलं, तर क्षेत्रफळ थेट २३ टक्क्यांनी वाढतं. आणि ती वाट खरोखर गोल असतेच असं नाही. म्हणून असा पुरावा हवा जो प्रवाहावरही अवलंबून नाही आणि गोलाईवरही नाही. तो म्हणजे झडपेवर साचलेलं कॅल्शियम.

ही तपासणी मला सगळ्यांत आवडली, कारण तीत नाटक काहीच नव्हतं. सिटी स्कॅनच्या टेबलावर झोपायचं, छातीला ईसीजीच्या तारा, श्वास धरा, सोडा, संपलं. सुई नाही, रंगद्रव्य नाही. ईसीजीशी ताळमेळ ठेवून हृदय त्यातल्या त्यात स्थिर असेल त्या क्षणाची चित्रं घेतात, नाहीतर सगळं पुसट येईल. पडद्यावर झडपेच्या जागी पांढरे खडे. त्यांचा आकार आणि घनता मिळून यंत्र एक गुण देतं, अॅगॅटस्टन स्कोअर म्हणतात. पुरुषांत २००० आणि बायकांत १२००च्या वर गेला की झडप गंभीर अरुंद असण्याची शक्यता मोठी. बायकांना हद्द कमी, कारण त्यांची झडप चुन्याबरोबरच चिवट तंतूंनीही जखडते, कमी चुन्यात तितकीच अडते. बायकांच्या बाबतीत १६००च्या पुढे तर फारशी शंका उरत नाही.

ताईचा आला १७८०.

रिपोर्ट घेताना ती खिडकीवरच्या माणसाला म्हणाली, "आयुष्यभर हाडांना कॅल्शियम मिळेना म्हणून गोळ्या खाल्ल्या, आणि हे इथे जाऊन बसलंय!" हा प्रश्न मी मॅडमना विचारला. झडपेतला चुना वर्षानुवर्षांच्या झिजेने, सुजेने आणि चरबी साचण्याने तयार होतो, गोळी खाल्ली म्हणून सरळ तिथे जाऊन बसला असं नसतं, असं त्या म्हणाल्या. हाडांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करायची नाही. ताईने आधीच बंद केली होती.

या सगळ्या खेपांमध्ये बाकावर बसून बसून ताईची एका मुलीशी ओळख झाली. संगमेश्वरकडची, पंचविशीतली, सोबत सासू, सासूच्या मांडीवर सहा महिन्यांचं बाळ. हिची झडप वेगळी, डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली, मायट्रल. लहानपणी घसा सुजून ताप आला होता, मग सांधे दुखले, गावात काढा-बिढा झाला आणि सगळे विसरले. घशातल्या त्या जंतूंशी लढताना शरीर आपल्याच झडपांवरही उलटतं, आणि झडप वर्षानुवर्षं आखडत जाते. गरोदरपणात अंगातलं रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतं. पाचव्या महिन्यात हिला पडून राहवेना, तेव्हा एको झाला आणि कळलं. फट ०.९. मायट्रल झडप चार ते सहा चौरस सेंटिमीटर उघडायला हवी. आता बाळंतपण निभावून ती फुग्याने झडप उघडायला आली होती. दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शनही चालू.

त्या दिवशी तिची तोंडातून दुर्बीण होती आणि ती रडकुंडीला आलेली. हा एको अन्ननलिकेतून करतात, कारण अन्ननलिका हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याला अगदी मागून चिकटून जाते. मध्ये ना बरगडी, ना फुप्फुस, त्यामुळे चित्र फार स्पष्ट येतं. उपाशीपोटी यायचं, घशात बधिर करायचा फवारा, दातांमध्ये प्लास्टिकचं कडं, थोडं झोपेचं औषध. हिच्या बाबतीत बघायचं होतं ते मुख्यतः दोन गोष्टींसाठी. त्या कप्प्याला एक पिशवीसारखा कोपरा असतो, रक्त साचून राहिलं की तिथे गुठळी धरते. गुठळी असताना फुगा घातला तर ती सुटून मेंदूत जाऊ शकते, म्हणून ती नसल्याची खात्री हवी. आणि झडप फुगवण्याच्या लायकीची आहे का: पडदे किती हलतात, किती जाड झालेत, चुना किती, आणि खालच्या दोऱ्या किती आखडल्यात. चारही गोष्टींना एक ते चार गुण देतात. बेरीज आठ किंवा कमी आली तर फुगा चांगला लागू पडतो.

सासूबाईंना मी स्वीडनची गोष्ट सांगितली. लुंड गावात १९५३ साली इंगे एडलर हे डॉक्टर आणि हेल्मुट हर्ट्झ हे भौतिकशास्त्रज्ञ यांनी जहाज बांधणीच्या कारखान्यातलं पोलादातल्या भेगा शोधायचं अल्ट्रासाउंड यंत्र आणून ते माणसाच्या छातीला लावलं. एडलरना हवं होतं ते नेमकं हेच, ऑपरेशनच्या आधी मायट्रल झडपेचं दुखणं बाहेरून नीट कळावं. आमच्या खात्यातही मोठ्या पोलादी वाहिन्यांचे वेल्डिंगचे जोड अल्ट्रासाउंडने तपासतात, तेव्हा मला ही गोष्ट सांगताना भलतंच अंगावर मूठभर मांस चढलं होतं. सासूबाई शांतपणे ऐकून म्हणाल्या, "म्हंजे पयलं आमच्याच आजारासाठी निघालं." मला हे सुचलं नव्हतं. मुलीची तपासणी नीट पार पडली, गुठळी नव्हती. बाहेर आल्यावर बसल्या आवाजात तिने पहिल्यांदा बाळाने दूध प्यायलं का ते विचारलं.

ताईकडे परत. झडप बदलायची हे ठरलं. छाती उघडायची की मांडीतल्या रक्तवाहिनीतून नवीन झडप न्यायची, हा प्रश्न होता. ही दुसरी पद्धत २००२ साली फ्रान्समधल्या रूआँ शहरात आलँ क्रिबिए यांनी माणसावर पहिल्यांदा केली. वय आणि चण बघता सर्जन आणि कार्डिऑलॉजिस्ट दोघांनीही तीच सुचवली. त्यासाठी आणखी एक सिटी, या वेळी रंगद्रव्य देऊन, मानेपासून मांडीपर्यंत. आधी मूत्रपिंडांचं काम सांगणारं क्रिएटिनिन रक्तात तपासलं, कारण रंगद्रव्य मूत्रपिंडांना जड जातं.

या सिटीत शेवटी ती वाट खरी कशी आहे ते दिसलं. गोल नव्हतीच. २२ बाय १८.५ मिलिमीटर, अंडाकृती. एकोने मोजली होती ती त्यातली अरुंद बाजू. मी लगेच हिशेब पुन्हा मांडला आणि फट आली ०.८५. म्हणजे मॅडम म्हणाल्या तेच, क्षेत्रफळावर वाद घालता येतो. त्यांना फोटो पाठवला तर उत्तर आलं: "सिटीचं क्षेत्रफळ घातलं तर हद्दही १.२ धरायची काका. तरी सिव्हिअरच. आणि १७८० विसरू नका." पुढे हसरा चेहरा.

बाकी सिटीतून काय काय मोजतात याची यादी बघून माझ्यातला जुना अभियंता तृप्त झाला. नवीन झडप ज्या कड्यात बसायची त्याचा परीघ, कारण लहान बसवली तर कडेने गळणार आणि मोठी घुसवली तर कडंच फाटायची भीती. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्यांची तोंडं कड्यापासून किती उंचीवर आहेत, कारण जुनी झडप बाजूला दाबली जाते तेव्हा तिने ती तोंडं बुजवू नयेत. चुन्याचे खडे कुठल्या बाजूला आहेत. मांडीच्या रक्तवाहिन्या किती रुंद आणि किती वाकड्या. ताईच्या जेमतेम ६ मिलिमीटर, पण सरळ. सगळं कागदावर आधी, मग खोदकाम. आमच्याकडे नेहमी उलटं व्हायचं.

मधे एकदा एमआरआयचाही विषय निघाला. स्नायूत कितपत तंतू धरलेत, किंवा जाड भिंतीमागे अमायलॉइड नावाचं दुसरंच दुखणं लपलंय का, हे त्यातून कळतं. म्हातारपणी ही दोन्ही दुखणी एकत्र असू शकतात. झडप गळकी असेल तर किती रक्त उलटं येतं तेही एमआरआय चांगलं मोजतो. ताईच्या ईसीजीवरून आणि एकोवरून तशी शंका वाटली नाही, म्हणून केला नाही. प्रत्येक यंत्रात माणूस घालायलाच हवा असं नाही, असं मॅडमचं मत, आणि बिलं भरणाऱ्या भाच्याचंही.

झडप बसली. त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. सकाळी आत गेली, दुपारी चहा मागत होती. हृदयाच्या विजेच्या वाहिन्या झडपेला अगदी लागून असल्यामुळे पेसमेकर लागतो का म्हणून ईसीजीवर नजर ठेवली होती, तो लागला नाही. महिन्याने एको: वेग २, सरासरी ग्रेडियंट ९. कडेने किंचित गळती आहे, चालण्यासारखी. भिंत अजून जाडच आहे, ती हळूहळू उतरेल तितकी उतरेल. ताई आता तिसऱ्या मजल्यावर एका दमात जाते, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना राग आलाय की काम झाल्यावर ही थांबत नाही.

सध्या आमचं भांडण दाताचं चाललंय. एक दाढ हलते आहे. बसवलेल्या झडपेवर जंतू बसायची भीती असते, म्हणून हिरडीला धक्का लागणारं दातांचं काही काम असेल तर आधी दंतवैद्याला झडपेचं कार्ड दाखवायचं आणि कामाच्या तासभर आधी अँटिबायोटिक घ्यायचं, हे मॅडमनी डिस्चार्जच्या कागदावर स्वतः लिहून दिलंय. ताई म्हणते, "ठाकूरद्वारचा दातवाला मला चाळीस वर्षं ओळखतो, त्याला काय कार्ड दाखवायचं?" शेवटी कार्डाची एक झेरॉक्स मीच त्याच्याकडे नेऊन दिली. त्याने गोळी लिहून दिली आहे, तारीखही दिली आहे. ताई मात्र तारीख पुढे ढकलतेय. म्हणते, दाढ काढली की आठ दिवस मऊ भात, आणि आंबे आत्ता कुठे यायला लागलेत.